नऊ बरण्यांचं घर

टक्.

चमचा ताटाच्या कडेवर टेकला आणि जेवणाच्या टेबलावरची शांतता मोडली. आवाज तो केवढा, नखाएवढा. पण या घरात गेले दोन महिने जेवताना कुणी बोलत नसे. बोलायला तोंड उघडलं की जेवणाचाच विषय निघेल अशी प्रत्येकाला धास्ती होती. चमचा ठेवला होता आजीने. तिने ताट दोन बोटं पुढे सरकवलं आणि म्हणाली,

"तोंडाला चव नाही गं."

दुसऱ्या कुठल्या घरात हे वाक्य पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरलं असतं. पण या घराच्या दारावर पत्र्याची निळी पाटी ठोकलेली होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘प्रमाणित चवीचे घर. दर्जा – उत्तम.’ पाटीच्या आतल्या बाजूला बसून असं बोलणं खरं असलं तरी शोभणारं नव्हतं.

भिंगरीच्या आईने उठून आधी खिडकी लावून घेतली.

भिंगरी सहा वर्षांची. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत. घरात ती दिवसभर गरगर फिरायची आणि प्रत्येक फेरीला एक प्रश्न विचारायची, म्हणून भिंगरी. तिची आई घरी बसून शाळेचे गणवेश शिवून द्यायची, आणि मुलगी झाल्यापासून सगळे तिला भिंगरीची आई म्हणूनच ओळखत. भिंगरीचे बाबा पाणीखात्यात, घरोघरच्या मीटरचे आकडे उतरवून घेण्याच्या कामावर. आजी ही बाबांची आई. असं चार माणसांचं सरळसाधं घर.

आता ती पाटी कशी आली ते सांगायला हवं.

झालं असं की, ‘गृहस्वाद अभियान’ निघालं. उद्देश इतका चांगला की हरकत घ्यायला जागाच नव्हती : ‘प्रत्येक कुटुंबास घरच्या घरी, उत्तम प्रतीच्या मसाल्यांनी युक्त असे चवदार भोजन मिळावे.’ घरोघर एकेक लाकडी घडवंची आली. तिच्यावर काचेच्या नऊ बरण्या. मिरी, जिरे, धने, लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ, मोहरी, हळद. मिरीचा एकेक दाणा जणू मुलाखत घेऊन निवडलेला. प्रत्येक झाकणावरून एक कागदी पट्टी, पट्टीवर शिक्का, शिक्क्यात क्रमांक. भिंगरीच्या आईने पहिल्या दिवशी त्या बरण्या पदराने पुसल्या आणि पुसताना तिच्या मनात आठवड्याभराचा स्वयंपाक शिजूनसुद्धा झाला.

बदल्यात घरातला सुटा मसाला अभियानाच्या खात्यात जमा करायचा होता. तिने आपला जुना पत्र्याचा डबा नेऊन दिला. आत सात वाट्या, झाकणाला पोचा. भिंगरी रांगत होती तेव्हा तिने तो ढोल म्हणून बडवला होता. खात्याने पोच दिली : ‘गोल डबा एक, पोचलेला. आत पूड व दाणे सात प्रकारचे. गुणवत्ता अज्ञात.’

दुसऱ्या दिवशी तिने मिरीच्या झाकणाला हात घातला तेवढ्यात नवऱ्याने आठ घड्यांचं सूचनापत्रक उलगडलं.

"थांब थांब. कलम चार. ‘बरणीवरील सील हाच गुणवत्तेचा पुरावा होय. सील तुटल्यास आतील मसाला उत्तम प्रतीचा असल्याची हमी खाते देऊ शकत नाही. हमी नसलेला मसाला प्रमाणित घरात ठेवता येणार नाही.’"

"म्हणजे बरण्या उघडायच्या नाहीत?"

"तसं कुठं म्हटलंय? उघडायला मनाई नाहीच. उघडलेली घरात ठेवायला मनाई आहे."

"मग मी स्वयंपाक कशानं करू?"

"मीठ आहे की." नवरा शांतपणे म्हणाला. "अगं, सील म्हणजे सील. अकरा वर्षं मीटर बघतोय मी. सील जाग्यावर आहे ना, एवढंच बघायचं. आत पाणी वाहतंय का नाही हे बघत बसलो तर काम कधी उरकायचं?"

तेव्हापासून घरात बटाटे उकडले जात, डाळ शिजवली जाई, भात होत असे, आणि मीठ सगळ्यांत समान वाटलं जात असे. जेवण झालं की नवरा स्वाद-नोंदवही उघडी. तिच्यात तीन रकाने होते : उत्तम, अत्युत्तम आणि शब्दातीत. त्यांच्या खाली रकाना नव्हता, कारण नऊ बरण्यांच्या घरात तशी वेळ येण्याचं कारण नव्हतं. नवरा दोन्ही वेळा ‘अत्युत्तम’वर खूण करी. ‘शब्दातीत’ त्याने राखून ठेवला होता. "एखाद्या दिवशी खरंच चांगलं झालं तर?" असं तो म्हणे.

समोरच्या काकूंची वही तर खात्याच्या फलकावर लागली होती. त्या खूण करून थांबत नसत, समासात वर्णनही लिहीत. परवा त्या साखर मागायला आल्या आणि घडवंचीपुढे उभं राहून डोळे मिटून म्हणाल्या,

"काय दरवळ सुटलाय गं तुझ्या जायफळाचा."

जायफळाची बरणी जन्मल्यापासून बंद होती. पण समोरून आलेली वाटी रिकामी कशी परत पाठवायची? भिंगरीची आई म्हणाली, "तुमच्या लवंगांचाही येत होता की काल. जिन्यापर्यंत."

आणि दोघी बायका मनापासून हसल्या. एवढं सगळं व्यवस्थित चाललं होतं. त्यात आजीला ताप आला.

ताप बारा दिवसांनी उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. आजी तीन चमचे जेवायची, मग दोन. बोटातली अंगठी सैल झाली म्हणून भिंगरीच्या आईने तिला आतून दोरा गुंडाळून दिला. आठवड्याने आणखी दोरा. पुढच्या आठवड्यात आजीने अंगठी काढून बटणांच्या डबीत ठेवली आणि म्हणाली, "दोराच जास्त झाला आता. अंगठी कुठंय त्यात?"

डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली. म्हणाले, "औषध संपलं. आता अन्न हेच औषध. जिभेला हाक मारील असं काहीतरी करून घाला. मिरी, दालचिनी, काहीही. खाल्लं तर उभ्या राहतील. नाही खाल्लं तर..." आणि त्यांनी बॅग बंद केली. वाक्य पुरं केलं नाही. डॉक्टर जी वाक्यं अर्धी सोडतात ती ऐकणाऱ्यानं पुरी करायची असतात, हे भिंगरीच्या आईला ठाऊक होतं. तिने पुरं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाईचं मशीन झाकून ठेवून ती खात्यात गेली.

‘सील शिथिलीकरण कक्ष’ तळमजल्यावर जिन्याखाली होता. खिडकीमागच्या बाई डब्यातला उकडलेला बटाटा खात होत्या.

"कारण?"

"स्वयंपाकासाठी."

बाईंचा घास थांबला. "काय हवंय स्वयंपाकासाठी?"

"मसाला. मिरीची नाहीतर दालचिनीची बरणी उघडायची परवानगी."

बाईंनी मागच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "अहो ऐकलंत का, यांना मसाला स्वयंपाकात घालायचाय." मागचा माणूस चष्मा वर करून बघून गेला. बाई यादी वाचू लागल्या. "हे बघा ताई, मान्य कारणं चार. बरणी फुटणे. बरणीस मुंग्या लागणे. प्रदर्शन. मान्यवरांची भेट. स्वयंपाक यात बसत नाही."

"मग मुंग्या लागल्या असं लिहू?"

"खोटं नका लिहू. सीलबंद बरणीत मुंग्या शिरल्या म्हणालात तर सीलचीच चौकशी लागेल. मग तुमच्यामुळं अख्ख्या गल्लीच्या बरण्या उचलून नेतील. ‘इतर’ लिहा. पुरावा जोडा."

तिने डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. बाईंनी ती वाचली, बटाट्याचा डबा बंद केला आणि आवाज उतरवून म्हणाल्या,

"‘रुग्णास जेवणात चव लागत नाही.’ ताई, हा अर्ज नाही. ही तक्रार झाली."

"कुणाविरुद्ध?"

"तेच तर ठरवायचंय. तुमची नोंदवही म्हणते, दोन महिने दोन्ही वेळा अत्युत्तम. खाली तुमच्या मिस्टरांची सही. चिठ्ठी म्हणते, चव नाही. दोन्हीतलं एक चूक असणार. घर चूक असू शकत नाही, घराला पाटी आहे." त्यांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात टाचणी मारली. "म्हणजे राहिली जीभ. परवा निरीक्षक येतील. सासूबाईंना म्हणावं, जीभ स्वच्छ ठेवा."

चव-निरीक्षक आले ते अतिशय सभ्य माणूस निघाले. बूट बाहेर काढले, आजीच्या पाया पडले, पाणी मागून घेतलं. मग बरण्यांची सीलं भिंग लावून तपासली, नऊच्या नऊ शाबूत असल्याबद्दल भिंगरीच्या आईचं कौतुक केलं, आणि पिशवीतून चित्रांची कार्डं काढून आजीपुढे बसले.

"आजी, हे कसलं चित्र?"

"मिरी."

"छान. बघून जिभेवर काही जाणवतं का?"

"बघून?" आजी म्हणाली. "बाबा रे, चाळीस वर्षं नवऱ्याचं तोंड बघितलं. पोट कधी भरलं नाही."

"होय किंवा नाही असं सांगा."

"चाटून बघू का?"

"कार्ड खात्याचं आहे, आजी."

"मग खात्यालाच चाटू दे."

निरीक्षकांनी सगळं उतरवून घेतलं. शेरा लिहिला : ‘जीभ शाबूत. वापरकर्ती असहकारी.’ मग बराच वेळ नखाने टेबलावर ताल धरला आणि म्हणाले, "बघा ताई, घर निर्दोष आहे. जीभही निर्दोष आहे. अशा वेळी खातं माणुसकी दाखवतं. एक बरणी, एक वेळ, माझ्या समोर. इथं सही करा, आत्ता उघडतो."

भिंगरीच्या आईने पेन घेतलं. आजीने खुर्ची पुढे ओढली.

"फक्त," निरीक्षक म्हणाले, "पाटी वर्षभरासाठी उतरवावी लागेल. बरणी उघडलेलं घर प्रमाणित राहत नाही."

"उतरवा. पाटीला काय करायचंय?"

"पाटीचं तसं काही नाही. पण मुलीची शाळा? शाळेत डबा प्रमाणित घरातलाच चालतो. डबा नाही तर मधल्या सुट्टीनंतर बसवून घेत नाहीत. अर्ध्या दिवसाची हजेरी धरत नाहीत. आणि हजेरी भरली नाही की मग..." त्यांनीही वाक्य अर्धं सोडलं. तो डॉक्टरांचाच गुण होता.

पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा ठिपका वाढत होता. भिंगरी स्वतःभोवती गिरकी घेत आजीच्या खुर्चीला धडकली, आजीने एका हाताने तिला धरलं. त्या हाताच्या बोटावर अंगठीच्या जागी पांढरा वळ होता. भिंगरीच्या आईने हाताकडे पाहिलं, दाराशी टांगलेल्या दप्तराकडे पाहिलं.

"उद्या सही करून दिली तर चालेल?"

"चालेल की. उद्या पाचपर्यंत."

"बघ बाई, तुझ्या सवडीनं," आजी म्हणाली. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

ते उत्तर मग निरीक्षकांच्या वाट्याला आलं. "साहेब, हा नियम केला कुणी? ज्यानं केला तो घरी जेवतो तरी का?"

निरीक्षक दुखावले. "ताई, नियम आम्ही केला असं कसं म्हणता? आम्ही फक्त बघितलं. चार वर्षांपूर्वी पाहणी केली होती, आठवतंय? घरोघर विचारलं, तुमच्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू कुठं आहे? चांगल्या कपबश्या, काचेच्या कपाटात. चांगली चादर, पेटीत तळाला. चांगलं अत्तर, बूच लावून. चांगला मसाला, वरच्या फळीवर. हजारो घरं पाहिली आम्ही. ज्याला लोक चांगलं म्हणतात ते कुणी वापरत नाही. वापरायला दुसरं असतं. मग खात्यानं ठरवलं, लोकांच्या सवयीला धरूनच नियम करावा. उगाच त्रास कशाला?" त्यांनी पिशवीतून फाइल काढून पान उलटलं. "हे तुमचंच घर. ‘दालचिनी. भावाने पाठवलेली. वरच्या फळीवर, डाव्या हाताला. चांगल्या दिवसासाठी ठेवली आहे.’ खाली सही."

सही तिचीच होती. शेवटच्या अक्षराची शेपटी गोल वळवलेली, अभिमानाने केलेली.

निरीक्षक बूट घालून गेले. सही न झालेला कागद टेबलावर राहिला. भिंगरीची आई कागदाकडे बघत उभी होती, पण तिच्या डोळ्यांपुढे वेगळंच होतं.

"आई," ती सासूला म्हणाली, "ती दालचिनी मी जमा केलीच नव्हती. डबा दिला. ती वरच राहिली."

"कुठली? बोटीवरच्या भावानं पाठवलेली?" आजी अर्धी उठली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज घशाऐवजी पोटातून आला. "अगं, पुडकं आलं तेव्हा पोस्टमनसुद्धा हुंगत उभा राहिला होता दारात. आहे अजून? काढ काढ."

टेबलावर स्टूल चढलं, स्टुलावर भिंगरीची आई. नवऱ्याने स्टूल धरलं आणि तोंड भिंतीकडे केलं, म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर त्याने काही पाहिलेलं नसणार. रिकाम्या डब्यांमागे डाव्या हाताला ते पुडकं होतं. खाकी कागद, सुतळी, सुतळीला खलाशी मारतात तशी गाठ. गाठ कधी सोडलेलीच नव्हती. ती दातांनी सोडवताना आतून एक चिठ्ठी पडली. भाऊ पत्र लिहिणाऱ्यांतला नव्हता. दोनच ओळी होत्या.

‘ताई, मुलगी झाली म्हणे. आजच काहीतरी गोड कर आणि तू खा, वास उडायच्या आत.’

तिने चिठ्ठी घडी करून मुठीत धरली आणि पातेल्यात दूध ओतलं. दुधात तांदूळ, साखर. खिडक्या बंद, दार बंद, दाराच्या फटीला टॉवेल. दरवळ बाहेर गेला तर काय घ्या? दालचिनीचा एक तुकडा घातला आणि चौघं पातेल्याभोवती उभे राहिले. आजी सगळ्यांत जवळ, नाक पुढे काढून.

झाकण खडखडलं. वाफ आली. दुधाची आली, साखरेची आली.

"येईल," आजी म्हणाली. "दालचिनी जरा उशिरा बोलते."

दुसरा तुकडा घातला. मग दोन. मग पुडकं उपडं केलं आणि कागद झटकला. भात घट्ट झाला, बुडाला लागायला आला, तेव्हा भिंगरीच्या आईने गॅस बंद केला. टॉवेलाने बुजवलेल्या दारातून बाहेर जाण्यासारखं काही निर्माणच झालं नव्हतं.

आजीने पहिला चमचा तोंडात घेतला आणि खूप वेळ घोळवला, जुन्या ओळखीच्या माणसाला गर्दीत शोधावं तसा. मग गिळला. सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"छान झालंय हो."

नवऱ्याचा हात सवयीने नोंदवहीकडे गेला. बायकोने नुसतं पाहिलं, तो मागे घेतला.

आजीने सुनेसाठी म्हणून आणखी एक चमचा खाल्ला. मग टक्.

भिंगरीने आपल्या वाटीतली दालचिनी उचलून चोखली, चावली, आणि हातावर काढून बघितली.

"आई, ही काडी आहे."

"दालचिनी आहे ती. तुझ्या वयाची आहे."

"कुणासाठी ठेवली होती?"

"कुणासाठी असं नाही गं. चांगल्या दिवसासाठी."

भिंगरी पहिल्यांदाच गिरकी न घेता उभी राहिली. तिने काडीकडे पाहिलं, घडवंचीवरच्या नऊ बरण्यांकडे पाहिलं, सही न झालेल्या कागदाकडे पाहिलं, ताट पुढे सरकवून बसलेल्या आजीकडे पाहिलं. मग आईचा पदर ओढून विचारलं,

"मग तो दिवस येऊन गेला, का अजून यायचाय?"